आग्रा रोड : एका रस्त्याचं पोटपाणी

मुंबईच्या पूर्व उपनगरांतली जुनी माणसं लाल बहादूर शास्त्री मार्गाला अजून आग्रा रोडच म्हणतात. तरुणांच्या तोंडी तो एलबीएस असतो. शीवहून निघून कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मुलुंड ओलांडत हा रस्ता ठाण्याच्या वेशीला जाऊन भिडतो. लांबी साधारण वीस किलोमीटर. आज या वीस किलोमीटरांत मॉल दिसतात, काचेच्या कचेऱ्या दिसतात, उंच निवासी टॉवर दिसतात. मधेमधे मोटारींची शोरूम, टाइल्सची दुकानं, इस्पितळं, क्लासेस आहेत आणि बऱ्याच लांबीत रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब. पन्नास वर्षांपूर्वी याच रस्त्याच्या कडेने कारखान्यांच्या लांबच लांब भिंती होत्या. त्या भिंतींमागे मोटारी, पोलाद, तांब्या-पितळेच्या नळ्या, रंग, टायर, औषधं आणि बिस्किटं तयार होत होती.

हा बदल आपण 'काळ बदलला' एवढ्यावर मिटवतो. पण काळ स्वतःहून कुठल्या दुकानाची पाटी उतरवत नाही. रस्त्यावर कोणता धंदा टिकेल आणि कोणता उठेल, हे जमिनीच्या तुकड्यांचा आकार, त्यांची मालकी, त्यांवर सरकारने घातलेली बंधनं आणि त्यांचा भाव या चार गोष्टी ठरवतात. आग्रा रोडची गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांची हकिगत या चार गोष्टींमधून पाहिली, तर मुंबईच्या उपनगरांचं अर्थकारणच उलगडतं.

वाट आधी, रेल्वे नंतर

शीवला मुंबई बेट संपतं. पुढे खाडी आणि दलदल, आणि त्यापलीकडे साष्टी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीवचा बांध झाला आणि बेटाला साष्टीची वाट मिळाली. तिथून ठाणे, थळ घाट, नाशिक आणि पुढे आग्रा. खानदेशचा कापूस बैलगाड्यांवर लादून घाट उतरायचा आणि बंदराची दिशा धरायचा, तेव्हा या वाटेवरची गावं म्हणजे थांबायची, बैल सोडायची ठिकाणं होती.

या वाटेवरचा सगळ्यात जुना नोंदलेला उद्योग बहुधा भांडुपचा. कंपनी सरकारच्या काळात तिथे रम गाळण्याचा कारखाना होता. याच भांडुपचं नाव आणखी एका मोठ्या घटनेशी जोडलेलं आहे. मुंबई सरकारचा मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आला असताना मुंबईहून ठाणे-कल्याणकडे लोहमार्ग टाकण्याची कल्पना त्याला सुचली, असा उल्लेख जुन्या नोंदींत आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली.

रेल्वे आली आणि लांब पल्ल्याचा माल रस्त्यावरून रुळांवर गेला. रस्ता मात्र मेला नाही. रूळ आणि रस्ता जवळजवळ समांतर राहिले, आणि या दोहोंच्या साथीने नंतर तानसा तलावाचं पाणी शहराकडे नेणारी जलवाहिनीही गेली. वाहतूक, पाणी आणि मोकळी जमीन एकाच पट्ट्यात आली. एका बाजूला डोंगर आणि खाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि खाडीकाठची मिठागरं, अशी ही भूमी स्वातंत्र्याच्या आसपास कारखानदारीसाठी तयार होऊन बसली होती.

कारखाने इथेच का आले

कापडगिरण्यांनी परळ-लालबाग भरून टाकलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर देशात यंत्रं, मोटारी, रसायनं, औषधं यांचे नवे कारखाने निघू लागले. या कारखान्यांना एकेका मजल्यावर पसरायला, माल उतरवायला आणि पुढे वाढायला जागा लागायची. ती गिरणगावात मिळणं शक्य नव्हतं. कुर्ला-घाटकोपरचा भाग १९५० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आला, मुलुंडपर्यंतचा १९५७ मध्ये. तोवर हा पट्टा शहराच्या कराच्या कचाट्याबाहेर होता आणि जमीन एकरांनी मिळत होती.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. सुरुवातीला अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, मग फियाट ११००, आणि पुढे तिचंच 'प्रीमियर पद्मिनी' हे रूप. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी कित्येक दशकं या कारखान्याच्या पोटातून बाहेर पडली. त्याच पट्ट्यात मुकंदचं पोलाद होतं, कमानींचे नळ्या आणि मिश्रधातूंचे कारखाने होते. कुर्ल्याच्या त्या थांब्याला आजही लोक कमानी म्हणतात.

विक्रोळीची जमीन पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये लिलावात घेतली. रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या जमिनीवर त्यांनी कारखान्यांबरोबर कामगारांसाठी घरं आणि शाळा उभ्या केल्या, खाडीकाठची खारफुटी जपली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या पोलादी मतपेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. देशातल्या पहिल्या मतदानाचे कागद ज्या पेट्यांत पडले, त्यांतल्या अनेक बनवणारे हात या पट्ट्यातले होते.

एशियन पेंट्सचा जन्म १९४२ मध्ये गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये झाला, पण खरा कारखाना झाला तो भांडुपला, १९५७ मध्ये. त्यापाठोपाठ १९५८ मध्ये सिएटचा टायरचा कारखाना भांडुपला आला. भांडुपच्या हद्दीत शांग्रिला बिस्किटं भाजली जायची. मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन आली, बॉम्बे ऑक्सिजन आली आणि हेक्स्ट आली. हेक्स्टच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रात कोलियस प्रजातीतल्या एका भारतीय वनस्पतीच्या मुळांपासून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळं करण्यात आलं. पेशींतल्या संदेशवहनाचा अभ्यास करताना जगभरच्या प्रयोगशाळा हे द्रव्य आजही वापरतात. एलबीएस मार्गाचा पत्ता शास्त्रीय नियतकालिकांत छापला जात होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

फाटकाबाहेरचा बाजार

या कारखान्यांनी रस्त्याला एक घड्याळ दिलं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. पाळी सुटली की फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडे आणि त्या लोंढ्यावर बाहेरचा बाजार जगे. चहाच्या टपऱ्या, खानावळी, वडापावच्या गाड्या, सायकल दुरुस्ती, पानपट्टी, न्हावी, शिंपी, डॉक्टरचा छोटा दवाखाना, युनियनचं ऑफिस आणि कामगारांची पतपेढी हे सगळं फाटकाच्या हाकेच्या अंतरावर असे.

या धंद्यांचं गणित पगाराच्या तारखेवर चाले. किराणा महिनाभर उधारीवर जाई, पगाराला वही मिटे. दिवाळीचा बोनस जाहीर झाला की घाटकोपर-मुलुंडच्या कापड दुकानदारांची वर्षाची कमाई ठरून जाई. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, गावच्या घराचे पत्रे आणि मुलीच्या लग्नाचे दागिने या बोनसमधून निघत. कायम नोकरी असलेल्या कामगाराला सोसायटीचं कर्ज मिळे, दुकानदाराची उधारी मिळे आणि लग्नाच्या बाजारात मानही मिळे. कामगार राज्य विमा योजनेचं मुलुंडचं रुग्णालय या वस्तीच्या आजारपणाला होतं.

भांडुपच्या डोंगरउतारावर सिंधुदुर्ग-रत्नागिरीहून आलेल्या माणसांनी घरं बांधली. तिथल्या एका वस्तीचं नावच कोकण नगर आहे. डोंगरावर घर, खाली कारखाना, मध्ये आग्रा रोड, असं आयुष्य हजारो कुटुंबांनी जगलं. गणपतीला हा सगळा पट्टा गावी निघे. भजनी मंडळं, कबड्डी, कामगार नाट्यस्पर्धा, गावकीच्या बैठका ही या रस्त्याच्या अर्थव्यवस्थेचीच देणगी होती, कारण ठरलेली पाळी आणि ठरलेला पगार असला तरच माणसाच्या हाती ठरलेला मोकळा वेळ येतो.

भोंगा का थांबला

कारखाने कामगारांच्या संपामुळे गेले, असं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. ते अपुरं आहे. संप झाले, हे खरं. घाटकोपरला खाणकामगारांमध्ये डॉक्टरकी करता करता नेते झालेले दत्ता सामंत १९७२ मध्ये मुलुंडमधून आमदार झाले, आणि पुढची पंचवीस वर्षं या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांचा शब्द चालला. विक्रोळीला, कुर्ल्याला मोठे संघर्ष झाले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांची हत्या झाली. पण संपाने एखादा कारखाना अडचणीत येतो. वीस किलोमीटरचा पट्टा रिकामा व्हायला अनेक कारणं एकत्र यावी लागतात.

पहिलं कारण धोरणाचं. मुंबईत उद्योगांची गर्दी फार झाली, ते राज्यभर पसरावेत, असं सरकारने १९६० च्या दशकातच ठरवलं. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून औद्योगिक वसाहतींची साखळी सुरू झाली. मागास भागात गेलात तर सवलती आणि मुंबईत वाढायचं तर परवानगी मिळणार नाही, असं दुहेरी टोक आलं. उद्योजकाला नवी यंत्रं बसवायची असत तेव्हा तो ती नाशिक, औरंगाबाद किंवा राज्याबाहेर बसवी. एलबीएसवरचा कारखाना जुन्या यंत्रांवर चालत राही आणि वर्षागणिक मागे पडे.

दुसरं कारण स्पर्धेचं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबणारा ग्राहक दुसरीकडे वळला. १९९१ नंतर परवाना राज्य संपलं. जो कारखाना स्पर्धा नव्हती म्हणून चालत होता, त्याला आता किंमत आणि दर्जा दोन्हींवर झगडावं लागलं. कुर्ल्यातलं पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडाशी बंद झालं. तिची शेवटची टॅक्सी मात्र मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. कारखाना गेल्यावर दोन दशकं त्याचा माल चालत होता.

तिसरं कारण सगळ्यात जड, आणि ते म्हणजे जमीन. कंपनीच्या ताळेबंदात ही जमीन चाळीस-पन्नासच्या दशकातल्या कवडीमोल भावाने नोंदलेली होती. बाहेर तिचा भाव अनेकपट झाला होता. कारखान्यात वर्षभर राबून मिळणारा नफा एका पारड्यात आणि जमीन एकदाच विकून मिळणारी रक्कम दुसऱ्या पारड्यात ठेवली की दुसरं पारडं खाली जाई. नफ्यात चाललेल्या कंपन्यांनाही हा हिशेब चुकला नाही. एशियन पेंट्स ही काही बुडालेली कंपनी नव्हती, तरी भांडुपचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. नवे, मोठे, स्वयंचलित कारखाने इतरत्र उभे राहिले होते आणि शहराच्या मधोमध रंग बनवण्यात अर्थ उरला नव्हता.

बॉम्बे ऑक्सिजनची गोष्ट याहून बोलकी आहे. या कंपनीने वायू बनवणं थांबवलं आणि ती गुंतवणूक कंपनी झाली. नावात 'ऑक्सिजन' राहिलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत देश प्राणवायूसाठी तळमळत असताना शेअर बाजारात या कंपनीचा भाव नुसत्या नावावर झपाट्याने चढला. ऑक्सिजनचं उत्पादन मात्र तिथे होत नव्हतं. शहराने उत्पादनाची क्षमता सोडून दिली की गरजेच्या वेळी नावं हाती उरतात, वस्तू उरत नाहीत.

कामगारांनी चालवलेला कारखाना

या पडझडीत कुर्ल्यात एक वेगळा प्रयोग झाला, त्याची आठवण ठेवायलाच हवी. कमानी ट्यूब्ज मालक-कुटुंबातल्या भांडणांत आणि कर्जात अडकून १९८५ मध्ये बंद पडली. कामगारांच्या संघटनेने नुकसानभरपाई घेऊन गप्प बसायचं नाकारलं. त्यांनी सहकारी संस्था काढली, आपल्या देण्यांतून आणि बचतीतून भांडवल उभं करायची तयारी दाखवली आणि कारखाना आम्हीच चालवू असा प्रस्ताव ठेवला. आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळाने योजना मान्य केली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. भारतात अशा रीतीने कामगारांच्या हाती गेलेला हा पहिला मोठा खासगी कारखाना होता.

काही वर्षं तो चांगला चाललाही. ज्यांना आयुष्यभर 'हात' म्हणून वागवलं गेलं, त्यांनी हिशेब, खरेदी, विक्री सांभाळून दाखवली. पुढे खेळत्या भांडवलाची चणचण, वाढती स्पर्धा आणि व्यवस्थापनातले मतभेद यांनी प्रयोग थकला. तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. बंद कारखान्याच्या जमिनीवर इमारत हाच एक मार्ग असतो असं नाही. दुसऱ्या मार्गाला बँकांचं, कायद्याचं आणि सरकारचं पाठबळ लागतं. ते पुरेसं मिळालं असतं, तर या पट्ट्यात आणखी काही भोंगे वाजत राहिले असते, असं मला मनापासून वाटतं.

कारखान्याची जमीन घराची कशी होते

शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक भूखंडावर काय करता येईल हे ठरवलेलं असतं. निवासी पट्टा, व्यापारी पट्टा, औद्योगिक पट्टा. एलबीएसच्या दोन्ही बाजूंचे मोठे भूखंड औद्योगिक पट्ट्यात होते. तिथे घरं किंवा दुकानं बांधायची तर वापर बदलून घ्यावा लागे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हा बदल सुकर केला. कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला आणायचा, मोठा भूखंड असेल तर काही टक्के जागा मोकळी किंवा सार्वजनिक सोयींसाठी सोडायची आणि उरलेल्या जागेवर बांधकाम करायचं.

याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणला. शहरातल्या आरक्षित जागेचा किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाचा मोबदला म्हणून मिळालेला बांधकामाचा हक्क उत्तरेकडच्या उपनगरांत वापरता येऊ लागला. भांडुप-मुलुंडच्या भूखंडांवर मूळ मर्यादेपेक्षा जास्त मजले चढले ते यामुळे. पुढे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला आणि अडकून पडलेल्या आणखी जमिनी मोकळ्या झाल्या.

कामगारांच्या बाजूने या प्रक्रियेचं नाव होतं 'स्वेच्छानिवृत्ती'. हाती एकरकमी पैसा आला. कुणी रिक्षा घेतली, कुणी किराण्याचं छोटं दुकान टाकलं, कुणी गावी घर बांधलं. पुष्कळांचे पैसे मुलांच्या शिक्षणात आणि आजारपणात संपले. मुलांना मात्र बापासारखी कायम नोकरी मिळाली नाही. ती सुरक्षारक्षक, मालवाहू गाडीचे चालक, दुकानातले विक्रेते झाली. काही त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत कंत्राटी नोकरीला लागली.

कुर्ल्यात प्रीमियरच्या जमिनीवर कोहिनूर सिटी आली. विक्रोळीत वालचंद समूहातून निघालेल्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनच्या जागेवर २४७ पार्क हे कचेऱ्यांचं संकुल झालं. गोदरेजच्या जमिनीवरही कचेऱ्या आणि घरं उभी राहिली. रस्त्याचं जुनं घड्याळ गेलं. माणसं आता तीन ठरलेल्या वेळी बाहेर पडत नाहीत, दिवसभर थोडी थोडी पडतात, आणि इमारतीतल्याच फूड कोर्टात जेवतात. फाटकाबाहेरच्या खानावळीचं गिऱ्हाईक असं आत गेलं.

मॉलचं गणित

मॉल इथेच का फोफावले? दादर किंवा घाटकोपरच्या स्थानकाजवळच्या बाजारात जमीन शेकडो मालकांमध्ये वाटलेली आहे, चाळी आहेत, पागडीचे भाडेकरू आहेत. तिथे सलग पाच-दहा एकर मिळणं अशक्य. एलबीएसवर कारखान्याच्या भिंतीआड तेवढी जमीन एका मालकाच्या नावावर तयार होती. नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुलुंडला आर मॉल आणि निर्मल लाइफस्टाइल आले. कांजूरमार्गला हुमा चित्रपटगृहाच्या नावाचा मॉल झाला. २००९ मध्ये घाटकोपरला आर सिटी, २०११ मध्ये कुर्ल्याला फिनिक्स मार्केटसिटी.

पण एकाच रस्त्यावरचे सगळे मॉल सारखे चालले नाहीत, आणि यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मॉल चालवायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत मालक सगळे गाळे स्वतःकडे ठेवून भाड्याने देतो. कोणत्या मजल्यावर काय असावं हे तोच ठरवतो. मोठं सुपरमार्केट किंवा चित्रपटगृह कमी भाड्यात आणतो, कारण त्यांच्यामुळे येणारी गर्दी बाकीच्या दुकानांना पोसते. एखादं दुकान चाललं नाही तर बदलतो. देखभाल, लिफ्ट, आगीपासूनचं संरक्षण या सगळ्याची जबाबदारी एकाच्या डोक्यावर असते.

दुसऱ्या पद्धतीत बांधकाम पुरं होण्याआधीच गाळे सुटे सुटे विकले जातात. बिल्डरला पैसे लगेच मिळतात आणि त्याचा मॉलशी संबंध संपतो. मग शेकडो मालक, प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी गाळा बंद ठेवतो, कुणी गोदाम करतो, कुणी देखभालीचे पैसे देत नाही. गिऱ्हाईक एकदा वळलं की परत येत नाही. भांडुपच्या ड्रीम्स मॉलचं असंच झालं. गाळे अनेक मालकांना विकलेले, व्यवस्थापन वादात, अखेर प्रशासकाच्या हाती. याच इमारतीत वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय सुरू झालं आणि २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत तिथले रुग्ण मृत्युमुखी पडले. मालकी विस्कटली की जबाबदारीही विस्कटते, आणि तिची किंमत कधी कधी माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

छोटे धंदे कसे टिकले

दोन मॉलच्या मधल्या जागेत मात्र एक जुना बाजार तग धरून आहे. कुर्ल्याकडे मोटारींचे सुटे भाग, गॅरेजं, भंगार. पुढे टाइल्स, संगमरवर, नळ, दारं-खिडक्या, फर्निचर. हे धंदे टिकले याला कारण आहे. टॉवर उठतात तेव्हा प्रत्येक नव्या घराला फरशी, नळ, कपाटं लागतात, आणि अशा जड मालाला रस्त्यालगत गाडी लावून चढ-उतार करायची सोय हवी असते. कारखान्यांच्या जागी घरं आली आणि घरांना लागणाऱ्या वस्तूंचा बाजार फुलला.

दुसरी वाढ सेवांची. इस्पितळं, निदान केंद्रं, कोचिंग क्लासेस, बँका, मंगल कार्यालयांची जागा घेणारे बँक्वेट हॉल. कामगार वस्तीच्या जागी पगारदार मध्यमवर्ग आला की त्याचा खर्च मुलांच्या शिक्षणाकडे आणि आरोग्याकडे वळतो. रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या तरी परिसरातल्या घरांचा मासिक खर्च कुठे जातो हे कळतं.

त्याच रस्त्याचं पुढचं टोक

या सगळ्या वस्तू आता येतात कुठून? उत्तर त्याच जुन्या आग्रा रोडवर आहे, फक्त ठाण्याच्या पलीकडे. कशेळी, काल्हेर, भिवंडीच्या परिसरात मैलोन्मैल गोदामं पसरली आहेत. ती तिथे वाढायला जकात हे मोठं कारण होतं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा, अशी व्यापाऱ्यांची रीत पडली. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतली जकात संपली. तरी गोदामं हलली नाहीत, कारण स्वस्त जमीन आणि महामार्ग दोन्ही तिथेच होते. उलट घरपोच माल पोचवणाऱ्या कंपन्यांनी ती आणखी वाढवली.

म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांनी वर्तुळ एका अर्थाने पुरं झालं. जो रस्ता घाटावरचा माल बंदराकडे नेई, मग स्वतः माल बनवू लागला, तो आता पुन्हा बाहेर बनलेला माल शहरात आणतो. फरक इतकाच की बनवण्याच्या काळात त्याने ज्या संख्येने स्थिर संसार उभे केले, तेवढे वाहण्याच्या आणि विकण्याच्या काळात उभे राहिले नाहीत.

आता काय मागायचं

वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड, ठाणे करत कासारवडवलीला जाणारी मेट्रो ४ या रस्त्याच्या मोठ्या भागावरून जाते. तिच्या स्थानकांच्या आसपास जमिनीचा भाव पुन्हा चढेल आणि पाट्यांची आणखी एक फेरी बदलेल. हे थांबवता येणार नाही, थांबवायचंही कारण नाही. कारखान्यांचा धूर आणि रसायनांचा वास परत आणा असं त्या परिसरात राहिलेला कुणीही म्हणणार नाही.

पण तीन गोष्टी मागता येतात. एक, मोठ्या संकुलांत छोट्या उत्पादकांसाठी आणि दुरुस्ती करणाऱ्यांसाठी परवडणारे गाळे राखून ठेवणं. छपाई, शिलाई, सुटे भाग, खाद्यपदार्थ, विद्युत उपकरणांची दुरुस्ती हे धंदे वस्तीजवळच असावे लागतात आणि त्यांच्यामुळे फार प्रदूषणही होत नाही. दोन, रस्त्याच्या बाजूला पार्किंगच्या उंच भिंतींऐवजी पदपथाकडे तोंड असलेली दुकानं ठेवणं, म्हणजे चालणाऱ्या माणसाला बाजार मिळेल आणि रात्री रस्ता सुरक्षित राहील. तीन, कारखान्याची जमीन बदलताना सोडलेल्या मोकळ्या जागा खरोखर लोकांना खुल्या आहेत का, याची तपासणी.

हे सगळं ठरतं ते विकास आराखड्यात आणि त्यातल्या फेरबदलांत. सध्याचा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने आराखड्यावर आणि त्यातल्या बदलांवर हरकती-सूचना देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. कारखाने जात असताना हा हक्क कामगारांनी फारसा वापरला नाही. तेव्हा तो त्यांना कुणी समजावूनही सांगितला नव्हता. पुढच्या फेरीत आग्रा रोडवर कुणाचं पोट भरणार, हे दुकानं उघडण्याच्या कितीतरी आधी त्या नकाशावर लिहिलं जाईल, आणि तो नकाशा वाचायला भांडुप-मुलुंडच्या लोकांनी आत्तापासून शिकलं पाहिजे.